चाळीस ग्रॅमचा गोळा

अमरावतीच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. विद्यार्थी यंत्रावर गोळ्या पाडायचे आणि मी त्या तपासायची. वीस गोळ्या घ्यायच्या, एकेक तराजूवर ठेवायची, सरासरी काढायची. दोनपेक्षा जास्त गोळ्या वाजवीपेक्षा हलक्या-भारी निघाल्या की सगळा घाणा बाद. पोरं गयावया करायची, "मॅडम, एवढ्यानं काय होतं?" मी म्हणायची, पेशंटला जाऊन विचार. निवृत्त झाल्यावर माझा हा स्वभाव जाईल अशी घरच्यांना आशा होती. तो कुठं जाणार? राजापेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पोळ्यासुद्धा एका मापाच्या होतात. बोलणारे बोलतात, पण खाताना कुणी तक्रार करत नाही.

हा स्वभाव निवृत्तीनंतर खरा कामी आला तो गोफणीच्या गोळ्यांसाठी. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात माझ्या वहिनीचं बियाणं वाचलं ते त्या गोळ्यांनी वाचलं, आणि ते गोळे मी तयार केले होते. एक मोठी चूकही मीच केली होती, तीही सांगते.

माझं माहेर तेल्हाऱ्याजवळ. आईवडील गेल्यावर तिथलं वावर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वहिनी बघतात. कपाशी, तूर, हरभरा, सगळं चारचौघांसारखं. पण विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात वहिनी दर वर्षी ज्वारी पेरते. ती तिच्या माहेरची, मोर्शीकडची जुनी ज्वारी. डोक्याच्या वर हातभर जाते, दाणा टपोरा, आणि हुरडा असा गोड की शेव-चटणी कुणाला आठवत नाही. आता मोर्शीकडे जिकडं पाहावं तिकडं संत्र्याच्या बागा. वहिनीच्या भावांनीही ज्वारी सोडली त्याला वीस वर्षं झाली. तिनं नात्यागोत्यात, बाजारात, कृषी केंद्रांत, सगळीकडं विचारून पाहिलं होतं. ते बियाणं तिच्या घराबाहेर कुठंच उरलेलं नव्हतं.

अडचण अशी की गावातही आता ज्वारी कुणी पेरत नाही. आमच्या लहानपणी सगळं शिवार ज्वारीचं असायचं, तेव्हा पाखरं वाटली जायची. कुणाचे चार दाणे गेले, कुणाचे आठ. आता पंचक्रोशीतले सगळे पोपट वहिनीच्या त्या अर्ध्या एकरावर जेवायला येतात. आदल्या वर्षी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली, दहा दिवस राहिली, आणि परत आली तेव्हा कणसांची नुसती बुरकुंडं उभी होती. शोधून शोधून मिळालं ते दीड-दोन किलो बियाणं. त्यातलं निम्मं मागं ठेवावं तर पेरायला पुरेना. तिनं सगळं पेरून टाकलं. ही ज्वारी गेली असती तर बियाणं संपलं होतं.

पाखरं राखायला वहिनीची गोफण होती. गोफण तिच्याइतकी चांगली मारणारं माणूस मी पाहिलेलं नाही. वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभी राहायची, डोक्यावरून दोन गरके, आणि पन्नास पावलांवरच्या बाभळीच्या शेंड्यात गोटा. पोपट आधी त्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवर जमतात आणि मग पिकात उतरतात, म्हणून बाभूळच उठवायची. पाखराला मारायचं नसतं. गोटा पानांतून सणसणत गेला आणि गोफणीचा फटका वाजला की थवा उठतो आणि दुसरीकडं जातो. बुजगावणं, चमकणाऱ्या फिती, डबे वाजवणं, सगळं करून झालं होतं. पोपट चार दिवसांत ओळखतात. गोफणीला मात्र ते कधी सरावले नाहीत.

त्या वर्षी धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्यानं पंपासाठी सोलर पॅनल बसवले, आणि बसवले ते नेमके बाभळीपासून पंधरा-वीस पावलांवर. व्हायचं ते झालं. हंगामाच्या सुरुवातीला वहिनी एक दिवस चिमण्या उठवत होती, तेव्हा एक गोटा वाकडा गेला आणि एका पॅनलच्या कोपऱ्यात काचेचं जाळं झालं. माणूस भला होता, भांडला नाही. हात जोडून म्हणाला, "वैनी, झालं ते झालं. पन आता गोफन बंद करा. माह्या हरभऱ्याचं पानी याच्यावरच हाय." दादाला तर कुणाशी वाकडं नको असतं. त्यानं गोफण घरी नेली आणि खुंटीला अडकवली.

संध्याकाळी वहिनीचा मला फोन. "बाई, कनसं बाहेर पडून राह्यली. महिनाभरात दुधावर येतीन. तुमच्या दादाले समजावा, नाई त माह्यं बियानं गेलं."

वहिनी वयानं माझ्याहून मोठी, पण मी नणंद, म्हणून तिचं मला 'बाई' आणि 'तुमी'. पस्तीस वर्षांत तिनं माझ्याकडं कधी काही मागितलेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली, अकोल्याला गाडी बदलली, आणि दुपारी वावरात होते. पिशवीत माझा खिशात मावणारा तराजू होता. माळ्यावर गोट्यांची टोपली होती, नाल्यातून वेचून आणलेले. त्यातले वीस घेतले आणि तोलले. सगळ्यात हलका पस्तीस ग्रॅम, सगळ्यात जड अठ्ठ्याहत्तर. एक चपटा, एक अंड्यासारखा, एकाला नाक आलेलं.

"वैनी," मी म्हटलं, "तुमचा हात नाही चुकला. गोटा चुकला."

"मंग काय नाल्यात बसून गोटे तोलू?"

"वेचायचे नाहीत. बनवायचे."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी एसटीत उन्हानं पागल झाले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त फौजी राहतात. आयुष्यभर रायफल चालवली, नेमबाजीत बक्षिसं मिळवली. परत गेल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, हसले नाहीत, म्हणून मला ते आवडतात. ते म्हणाले, जुने शिकारी आपली काडतुसं स्वतः भरायचे ते याच कारणानं. कारखान्याचा माल प्रत्येक बंदुकीला मानवतोच असं नाही. शिस्त महत्त्वाची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक बदलाचे दहा बार मारायचे आणि कागदावरची भोकं मोजायची. "आणि मधोमध लागलं का ते आधी बघू नका," ते म्हणाले, "सगळे एकाच जागी लागले का ते बघा. एकत्र पडायला लागले की मध्यावर आणणं सोपं असतं." ही तर माझ्या प्रयोगशाळेचीच भाषा होती. मी घरी येऊन वहीत रकाने आखले.

पहिली माती मी घेतली ती काळी. दुसरी कोणती घेणार? आमच्या तेल्हाऱ्याकडची काळी माती म्हणजे आम्हाला केवढा अभिमान. काठी रोवली तरी फुटेल असं सांगत आम्ही मोठे झालो. येताना एक गोणी भरून आणली होती. मळली, प्रत्येक गोळ्याचा ओला लगदा तोलून घेतला, टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून त्याच्या दोन वाट्यांत दाबला आणि हातावर वळून चाळीस गोळे बाल्कनीत सावलीला ठेवले. शेजारीण डोकावून म्हणाली, "काकू, डिंकाचे लाडू का?" मी म्हटलं, थांब, एक देते.

चार दिवसांनी चाळीसच्या चाळीस गोळ्यांना भेगा. काहींच्या तर हातात घेताच दोन फाका झाल्या. जी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, ज्या मातीच्या भेगांत लहानपणी माझी चप्पल अडकली होती, तिचे गोळे न फाटता वाळतील असं मला वाटलं तरी कसं? अभिमानानं अक्कल झाकली, दुसरं काय. फोनवर वहिनी पोटभर हसली. "अव माय! बाई, काळीच्या भिंती पाह्यल्या काय कधी तुमी? घराले पांढरीच लागते."

पांढरी म्हणजे गावठाणाची माती. आमच्याकडं शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. जुनी घरं त्याच पांढऱ्या मातीची. ती भिजून फुगत नाही आणि वाळून आकसत नाही. वहिनीनं कुणाच्या तरी पडक्या भिंतीची माती चाळून ठेवली आणि मी पुन्हा एसटी धरली. त्या महिन्यात मी इतक्या फेऱ्या केल्या की कंडक्टर मला तेल्हाऱ्याची मास्तरीण समजू लागला.

नुसत्या पांढरीचे गोळे सुरेख झाले. वीस तोलले, सरासरी चाळीस ग्रॅम, फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत. पण दगडासारखे कडक. राजापेठेतल्या एका भंगारवाल्याकडून मी टाकाऊ सोलर पॅनल मिळवून गावी नेला होता. भंगारवाल्यानं विचारलं, काकू, कशाला? म्हटलं, फोडायला. तो पॅनल वावरात उभा करून वहिनीला म्हटलं, मारा. काच तडकली. म्हणजे हा गोळा नेमका जाईल, पण चुकला तर गोट्याइतकाच वाईट. मग गव्हाचा भुसा घातला. फार घातला तर गोळा गोफणीतच फुटे. कमी घातला तर काचेला भारी. मधला मार्ग सापडेपर्यंत सहा घाणे बाद केले. बाद झालेले गोळे फोडून, भिजवून, पुन्हा मळायचे.

वहिनी लगदा तोलायला कधी तयार नसायची. हाताच्या अंदाजानं उचलायची आणि म्हणायची, "घ्या, ठेवा तुमच्या काट्यावर." एखाद-दोन ग्रॅमच्या पलीकडं ती कधी चुकली नाही. तरी मी तोलायचीच.

शेवटचा घाणा उतरला तो मनासारखा. सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात जुनी चादर बांधली, त्यावर कोळशानं वर्तुळ काढलं आणि बरोबर पन्नास पावलं मोजली. आधी नाल्यातले दहा गोटे. त्यातले चार चादरीला लागलेच नाहीत. मग माझे दहा गोळे. दहाच्या दहा चादरीवर, आणि त्यातले आठ एका खाटेएवढ्या जागेत. भंगारातल्या त्याच पॅनलच्या शाबूत काचेवर मारून पाहिलं. गोळ्याचा भुगा झाला आणि काच पदरानं पुसली की जशीच्या तशी. मला इतका आनंद झाला की मी भर दुपारी वावरात टाळ्या पिटल्या. वहिनी गोफण गुंडाळत म्हणाली, "चांगलं उडते." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

दहा-दहा बार, चार दिवस, एकूण एकशे साठ. सगळं वहीत आहे. एकच गोष्ट वहीत नव्हती: मी प्रत्येक चाचणी अकरा ते चारच्या दरम्यान घेतली होती.

शेजारच्या शेतकऱ्याला मी स्वतः जाऊन भेटले. चहा घेतला, गोळे दाखवले, वही दाखवली. तो वही पाहून गांगरला. म्हणाला, "ताई, तुमचं खरं असंन, पन माह्यं पॅनल पुन्हा फुटलं त?"

"उद्या सकाळी या," मी म्हटलं. "वैनी बाभळीवर गोळे मारतील आणि मी तुमच्या पॅनलसमोर उभी राहीन. एक जरी तिकडं आला, तर गोफण कायमची बंद."

दादा म्हणाला, "येडी झाली काय तू?" मी अजिबात येडी झाले नव्हते. वीसचे वीस गोळे ज्याच्या हातून अर्ध्या ग्रॅमच्या आत उतरतात, त्यानं आपल्या मालापुढं उभं राहायला काय हरकत आहे?

सकाळी घाई नको म्हणून मी शंभर गोळ्यांची टोपली संध्याकाळीच माळ्यावर नेऊन ठेवली. वहिनी म्हणाली, "बाई, दहिवर पडते सकाळी. घरी नेऊ."

"वैनी, हे हाडासारखे वाळलेत. दहिवर काय करणार?"

तिनं टोपली होती तिथंच राहू दिली. मला वाटलं, पटलं.

उजाडताना आम्ही चौघं वावरात. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तुरीच्या पानापानावर दहिवर. ज्वारी दुधावर आलेली, कणसं जडावून वाकलेली. मी धुरा ओलांडून पॅनलसमोर जाऊन उभी राहिले, शाल घट्ट लपेटून. शेजारी माझ्यापासून जरा लांब, पॅनलच्या मागं. दादा माळ्याखाली. पोपट आले. आधी दहा-वीस, मग आवाजच आवाज, आणि बाभूळ हिरवीगार झाली. वहिनीनं टोपलीतून गोळा घेतला, गोफण फिरवली आणि सोडली.

गोळा हवेतच फुटला. अर्धा कुठं गेला ते कळलं नाही. उरलेला अर्धा थेट माझ्या गळ्याखालच्या हाडावर बसला. ओल्या मातीचा तो लगदा पडला तेव्हा थप्प असा आवाज झाला. फार लागलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आमच्याकडचा पट्टा खारपाणाचा. विहिरीच्या पाण्यानं चहा नासतो. राजापेठेतले गोळे मी नळाच्या पाण्यात मळले होते, हा शंभराचा घाणा मात्र वावरातल्या विहिरीच्या पाण्यात. मिठाची माती रात्रभर उघड्यावर, दहिवरात. औषधाच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या कशासाठी घालतात हे मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि माझे गोळे ओल पीत बसले होते.

शेजारी मागून म्हणाला, "ताई, लागलं काय?" दादा धावत निघाला होता. पोपट मात्र कुणासाठी थांबले नाहीत. बाभळीवरून सगळा थवा एकदम ज्वारीत उतरला, आणि कणसं हलायला लागली. मी उभ्या जागी ओरडले, "वैनी, माझ्याकडं पाहू नका! मारा!"

वहिनीनं टोपलीला हात लावला नाही. ती खाली वाकली आणि पायाशी ठेवलेलं एक फडकं सोडलं. त्यातून गोळा काढला आणि मारला. बाभळीच्या बुंध्याला लागून त्याचा धुराळा झाला, फटका वाजला आणि ज्वारीतून थवा उठला. पुन्हा बाभळीवर बसू पाहणाऱ्यांना दुसरा गोळा, नेमका शेंड्यातून. तिसरा. चौथा. एकही माझ्या दहा पावलांच्या आत आला नाही. मी छातीवरची माती तशीच ठेवून मोजत होते. पंचवीस गोळे मारून झाले तेव्हा ऊन आलं होतं आणि पोपट नाल्याच्या पलीकडं गेले होते.

मी माळ्याखाली आले. फडक्यातला उरलेला गोळा हातात घेतला. तो कोमट होता. रात्री सगळे झोपल्यावर वहिनीनं टोपलीतले तीसेक गोळे घरी नेऊन चुलीच्या वैलावर, उबेला ठेवले होते.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं त होतं."

"मी ऐकलं नाही."

"तेच," ती म्हणाली. "म्हनून मंग नाई सांगतलं."

मला तिचा राग आला, माझाही आला, आणि मग हसू फुटलं ते थांबेना. शेजारी येऊन उभा राहिला. पहिला गोळा पॅनलकडं आला होता. शब्द दिला होता मी, आणि शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, "भाऊ, एक आला. तुम्ही म्हणाल तर बंद." तो माझ्या शालीवरच्या चिखलाकडं पाहत म्हणाला, "तो पॅनलले कुठी लागला? तुमाले लागला. पंधरा दिवस चालू द्या. पन गोळे कोल्ले ठेवा, ओल नोका लागू देऊ."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी माहेरीच राहिले. रोज दुपारी नवा घाणा, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात मळलेला. वाळले की झाकणाच्या डब्यात, तळाशी चुन्याची पुरचुंडी, आणि डबा वैलावर. रोज सकाळी वीस गोळे तोलून मगच माळ्यावर. पहाटेच तोलायचे, हे शिकले. वहिनी दिवसाला साठ-सत्तर गोळे मारायची. पॅनलला एकही लागला नाही. पोपटांनी काही खाल्लंच नाही असं नाही. कडेच्या दोन तासांतली, म्हणजे ओळींतली, कणसं गेली. बाकीचं उभं पीक राहिलं, आणि मी हुरडा खाताना म्हटलं की या हुरड्यात माझा वाटा मोठा आहे. कुणी नाही म्हटलं नाही.

पुढं दाणा पिकून ज्वारी खुडली त्या दिवशी मी पुन्हा गावी होते. वहिनी अंगणात बसली आणि एकेक कणीस हातात घेऊन बियाण्याची वेगळी काढू लागली. बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेली, एकसारख्या दाण्याची. माझ्याहून कडक परीक्षक. शंभरातून दहा ठेवायची. दुपारपर्यंत मळून, पाखडून, पांढऱ्याशुभ्र दाण्यांचा ढीग झाला. मी तोलला, साडेनऊ किलो. मला वाटलं, आता डब्यात राख घालून ठेवेल. तेवढ्यात शेजारचा शेतकरी पिशवी घेऊन आला, त्याच्या मागं गावातले आणखी तिघं. वहिनीनं त्यांना निरोप धाडला होता.

माझं डोकं सटकलं. ज्याच्यामुळं गोफण खुंटीला गेली होती, त्याला पहिली पिशवी? छातीवर गोळा मी खाल्ला, दीड महिना माती मी मळली. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "वैनी, अर्धं बियाणं वाटून टाकता? पुढच्या साली कमी पडलं तर?"

"कमी नाई पडत. चार वावरात ज्वारी असली त पाखरं वाटून खातीन."

"अन् पुढच्या वर्षी मी आहे ना! गोळा आणखी सुधारते. भुसा अजून बारीक चाळते."

ती गॅसजवळच्या ओट्याला टेकली. "बाई, पुढच्या साली गोफन नाई चालत माह्याच्यानं. खांदा वर जात नाई. दिवाळीपासूनच दुखून राह्यला."

दिवाळी म्हणजे माझी पहिली चादर बांधायच्या आधी. एकशे साठ बार चाचणीचे आणि पंधरा दिवस रोज साठ-सत्तर. ती वेणी मला घालायला सांगायची, वरच्या फळीवरचा डबा मला काढायला लावायची, आणि मी रोज ते करत होते. मी गोळा अर्ध्या ग्रॅमपर्यंत तोलला आणि ज्या हातानं तो मारायचा त्या हाताकडं एकदाही पाहिलं नाही. मला माझी फार लाज वाटली. तेव्हाही माझ्या तोंडून निघालं ते हेच, "मी गोळा तीस ग्रॅमवर आणते. हलका पडेल."

"आना," ती म्हणाली. "पन हात त तोच राहीन नं."

बाहेर चौघं थांबले होते. मी अंगणात जाऊन शेजाऱ्याच्या पिशवीचं तोंड धरलं. वहिनी समोर बसली आणि एकट्या डाव्या हातानं दाणे ओतू लागली. एका हाताची ओंजळ होत नाही, दाणे बोटांतून सांडत होते, म्हणून मी पिशवी गुडघ्यात धरली आणि माझा उजवा हात तिच्या हाताला लावला.